सपाट वाघिणीवरचे ट्रॅक्टर

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील शेती गेल्या शतकात यंत्रांवर उभी राहिली आणि ही यंत्रे गावोगावी पोहोचवण्यात रेल्वेचा मोठा वाटा होता. ना छप्पर, ना भिंती अशा सपाट वाघिणींवर ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्रे ओळीने लादलेली मालगाडी हे तेथील परिचित दृश्य होते. रेल्वेच्या लघुप्रतिकृती घडवणाऱ्या छंदिष्टांना ही वाघीण विशेष आकर्षित करते. बंद डब्यात काय भरले आहे, हे कोणी पाहत नाही. येथे मात्र सारेच उघड्यावर असल्याने चूक झाकता येत नाही.

पहिली कसोटी प्रमाणाची. सर्वाधिक प्रचलित 'एचओ' प्रमाणात मूळ एक फूट म्हणजे प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर, अर्थात १:८७. त्यामुळे साडेत्रेपन्न फुटी वाघीण जेमतेम १९ सेंटिमीटरची होते. खेळण्यातील ट्रॅक्टर मात्र बहुधा १:६४ प्रमाणात मिळतात. असा ट्रॅक्टर या वाघिणीवर ठेवला, तर तो प्रत्येक बाजूने सुमारे ३६ टक्के मोठा दिसतो. तो शोभतो 'एस' प्रमाणाच्या रेल्वेवर, कारण तिचे प्रमाणही १:६४ आहे.

दुसरी कसोटी काळाची. 'जॉन डीअर' कंपनीने १९१८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथील इंजिन कारखाना विकत घेतला आणि ट्रॅक्टरनिर्मितीत पाय रोवले. हिरवे अंग आणि पिवळी चाके ही तिची ओळख. 'इंटरनॅशनल हार्वेस्टर'चे फार्मऑल ट्रॅक्टर १९३६ मध्ये लाल झाले. त्यापूर्वी ते करड्या रंगाचे असत. 'डीअर ४०२०' हे गाजलेले मॉडेल १९६३ ते १९७२ या काळातले. अमेरिकेतील प्रमुख मार्गांवरून वाफेची इंजिने १९६० च्या सुमारास हद्दपार झाली होती. साहजिकच, वाफेच्या इंजिनामागे ४०२० जोडणे म्हणजे इतिहासाशी विसंगती.

तिसरी आणि सर्वांत अवघड कसोटी बांधणीची. धावत्या गाडीवरून अवजड यंत्र सरकले, तर अपघात ठरलेलाच. म्हणून उघड्या वाघिणीवरील मालाच्या बांधणीसाठी अमेरिकी रेल्वेमार्गांच्या संघटनेची सविस्तर नियमावली आहे. जुन्या काळी चाकांना लाकडी ठोकळ्यांची अडण लावून ते फळ्यांना खिळ्यांनी ठोकत आणि तारांनी वा पोलादी पट्ट्यांनी यंत्र आवळत. पुढे ताण देता येणाऱ्या साखळ्या आल्या. प्रतिकृतीत यासाठी इंचाला चाळीस कड्यांची नाजूक साखळी वापरतात. तिची चमक घालवण्यासाठी ती काळी करावी लागते आणि मुख्य म्हणजे ती ताठ बसवावी लागते. सैल साखळी दिसली की यंत्र बांधलेले नसून नुसते ठेवलेले आहे, हे लगेच ध्यानात येते.

चौथा प्रश्न वजनाचा. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन'च्या शिफारशीनुसार एचओ वाघिणीचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे. वरील वाघिणीसाठी ते सुमारे १३० ग्रॅम होते. पण सपाट वाघिणीत वजन लपवायला जागाच नसते आणि हलकी वाघीण वळणावर रुळांवरून घसरते. वर धातूचा जड ट्रॅक्टर ठेवावा, तर गुरुत्वमध्य वर जाऊन ती कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून शिसे वा पोलादाचे तुकडे फळ्यांखाली, तुळयांच्या मधल्या पोकळीत चिकटवतात.

रंगकामात एक तारतम्य हवे. वाघीण उन्हापावसात झिजलेली, तिच्या फळ्या करड्या पडलेल्या. ट्रॅक्टर मात्र नुकतेच कारखान्यातून निघालेले, कोरे. दोन्हींवर सारखीच धूळ चढवली, की नव्या मालाच्या वाहतुकीचा अर्थच हरवतो.

इलिनॉयमधील रॉक आयलंड येथील फार्मऑलचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. तेथून लाल ट्रॅक्टर घेऊन निघालेली गाडी आता छायाचित्रांत किंवा अशा प्रतिकृतींतच पाहायला मिळते. म्हणूनच जाणकार छंदिष्ट ट्रॅक्टर थेट वाघिणीवर न चिकटवता पातळ, सुट्या फळीवर बसवतात. कारखान्यातून भरून निघालेली वाघीण माल उतरवून परतताना रिकामी दाखवता येते आणि साऱ्या वाहतुकीची रीतच डोळ्यांसमोर उभी राहते.