माजी विद्यार्थी मंडळावर काम करताना

निपाणीकरांचे देवचंद कॉलेज निपाणीत नाही. ते शेजारच्या अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. विद्यापीठ कोल्हापूरचे शिवाजी. बेळगावचे राणी पार्वतीदेवी महाविद्यालय (स्थापना १९४५) मात्र कर्नाटकात. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या, हे आपल्या भागाला नवे नाही. माजी विद्यार्थी मंडळावर गेल्यावर पहिला प्रश्न तोच पडतो: कागद कुठल्या राज्याचे?

मंडळाचे कार्यालय जिथे, नोंदणी तिथली. दोन्हीकडे किमान सात सभासद लागतात. कर्नाटकात १९६० चा संस्था नोंदणी कायदा. महाराष्ट्रात १८६० चा, शिवाय १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा. महाराष्ट्रात पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. काम कंटाळवाणे, म्हणून राहून जाते. मग बँकेत जुन्याच सह्या चालू राहतात आणि मंडळाकडे पैसे असूनही एखाद्या मुलीच्या फीचा चेक वेळेत निघत नाही. मेळाव्याच्या जेवणाआधी आम्ही हे काम धरतो.

नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी मंडळ विचारात घेतले जाते, त्यामुळे काही मंडळे नॅकच्या भेटीपुरतीच जागी होतात. मंडळावर जाणाऱ्याने आधी इतिवृत्त आणि ऑडिट मागावे. सभासद यादीत पुण्या-मुंबईला गेलेलेच जास्त असतात. निपाणीतल्या विडी-तंबाखू कामगारांच्या घरांतून शिकलेल्यांची नावे शोधून घालावी लागतात. फी कुणाची थकली आहे, हे त्यांना आधी कळते.