दिंडीच्या गाडीत इन्व्हर्टर बसवताय? आधी केबल आणि फ्यूजचा हिशोब करा

चाकण : ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीहून निघते आणि आपल्या भागातल्या दिंड्यांच्या गाड्याही पंढरपूरच्या वाटेला लागतात. दिंडीची गाडी म्हणजे अडीच-तीन आठवड्यांचं घरच. ताडपत्रीखाली राहुट्या, वळकट्या, धान्याची पोती, गॅसच्या टाक्या आणि हल्ली बॅटरी-इन्व्हर्टर. जनरेटरची धडधड नको आणि माणसांचे मोबाईलही चार्ज होतात. चाकण एमआयडीसीत चहा-वडापावचे टेम्पो उभे असतात, त्यातही आता हेच दिसतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच दिंडीच्या टेम्पोत मुक्कामाला जळका वास आला. बॅटरी मागे, इन्व्हर्टर केबिनजवळ, मध्ये तीन मीटर वायर. ती घरबांधणीतून उरलेली १० स्क्वेअर एमएमची. हात लावला तर प्लास्टिक मऊ होऊन पत्र्याच्या कडेला चिकटलं होतं, शेजारी गॅसची टाकी. फ्यूज कुणी लावलाच नव्हता. वायर जोडणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहितोय.

चूक कुठं होते? घरात ७०० वॅटला २३० व्होल्टवर जेमतेम ३ अँपिअर लागतात, दीड एमएमची वायर पुरते. तेच ७०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचे तर व्होल्ट कमी, म्हणून अँपिअर कितीतरी जास्त. विहिरीवर जसं प्रेशर कमी असलं की तेवढंच पाणी न्यायला मोठा पाइप टाकावा लागतो, तसंच हे.

हिशोब असा. बॅटरी उतरत आली की व्होल्टेज साडेदहापर्यंत येतं आणि इन्व्हर्टर स्वतः साधारण १५ टक्के खातो. म्हणून वॅटला आधी १०.५ नं भागायचं, मग ०.८५ नं. एका बॅटरीवर चालणारा घरगुती इन्व्हर्टर ७०० वॅटचा धरला तर ७८ अँपिअर येतात. त्याच्या सव्वापट फ्यूज, म्हणजे १०० अँपिअरचा.

आता केबल. फ्यूज हा इन्व्हर्टरसाठी नसतो, केबल वाचवायला असतो. म्हणून केबलची क्षमता फ्यूजपेक्षा जास्तच हवी, नाहीतर आधी केबल जळेल आणि फ्यूज बघत बसेल. पीव्हीसीची लवचिक तांब्याची केबल ३५ एमएमची घेतली तर साधारण १०० अँपिअर पेलते. कंपनीच्या तक्त्यात १०० च्या खाली आकडा असेल तर सरळ ५० एमएम घ्या. प्लस-मायनस दोन्ही सारख्याच जाडीच्या. पंपाची उरलेली अॅल्युमिनियमची वायर इथं चालत नाही.

लांबीचाही फरक पडतो. तीन मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर. ७८ अँपिअरला १० एमएमच्या वायरीत ०.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि साठ-पासष्ट वॅटची उष्णता नुसती वायरीतच तयार होते. ३५ एमएममध्ये तीच घट पाव व्होल्टच्या आत येते. शक्य असेल तर बॅटरी आणि इन्व्हर्टर मीटरभर अंतरातच ठेवा.

फ्यूज प्लसच्या केबलवर बॅटरीपासून वितीच्या आत बसवायचा. इन्व्हर्टरजवळ लावला तर मधल्या सगळ्या केबलला राखण कुणाची? ती पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर १५० एएचची बॅटरी क्षणात हजाराच्या वर अँपिअर सोडते. पत्र्यातून केबल काढताना रबरी ग्रोमेट लावा.

वाहनांच्या दुकानात नट-बोल्टचा पट्टीचा फ्यूज मिळतो, त्यावर डीसी व्होल्ट छापलेले पाहून घ्या. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी लावू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती चालूच राहते. लिथियम बॅटरी असेल तर शॉर्टचा प्रवाह त्याहून मोठा, तिथं जास्त तोडण्याची क्षमता असलेला फ्यूज विक्रेत्याकडून मागून घ्या. आणि फ्यूज उडाला म्हणून तांब्याची तार गुंडाळायची ही स्टार्टरवरची सवय गाडीत आणू नका. मोटारीजवळ निदान झोपलेलं कुणी नसतं.

जोडाला तांब्याचे लग्ज हवेत, दाबायच्या मशीननं दाबलेले. हातोडीनं ठोकलेला लग सैल राहतो आणि केबल कितीही जाड असली तरी तापतो तो तिथंच. पाना प्लसवर आणि गाडीच्या पत्र्यावर एकदम टेकू देऊ नका, हातातलं कडं-अंगठी आधी काढा.

छोटा हत्तीला १२ व्होल्टची बॅटरी असते, पण मोठ्या ट्रकला दोन जोडून २४ व्होल्ट. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्टचा इन्व्हर्टर चालवला तर दोन्ही बॅटऱ्या विषम होऊन लवकर खराब होतात. २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर घेतला तर तेवढ्याच ७०० वॅटला ३९ अँपिअर लागतात. मग ५० चा फ्यूज आणि १६ एमएमची केबल पुरते, खर्चही वाचतो. गाडीच्या डायनामोवरून वेगळी बॅटरी चार्ज करणार असाल तर मधल्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लावा, कारण दोन्हीकडे बॅटरीच आहे.

गाडी निघण्याआधी एक तासभर पूर्ण लोड चालवून बघा. मग इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक लग आणि केबलला मधोमध हात लावा. कोमट लागली तर ठीक, हात ठेववत नसेल तर गाडी हलवू नका.