अलहंब्राची दुसरी खेप

प्रवासातून चित्रकाराला प्रेरणा मिळते, हे विधान इतक्या सहज केले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. तपासायचेच तर असे उदाहरण हवे, ज्यात एकच माणूस एकाच जागी दोनदा गेला आणि दोन्ही वेळा निष्पत्ती वेगळी निघाली. डच चित्रकार मॉरिट्स कॉर्नेलिस एशर (१८९८–१९७२) याचे उदाहरण नेमके असे आहे. स्पेनमधल्या ग्रानाडा शहरातला अलहंब्रा राजवाडा त्याने १९२२ मध्ये पाहिला आणि पुन्हा १९३६ मध्ये पाहिला. भिंती त्याच होत्या आणि भिंतींवरच्या फरशाही त्याच. पहिल्या खेपेनंतर त्याच्या कामाची दिशा बदलली नाही. दुसऱ्या खेपेनंतर मात्र आयुष्याच्या अखेरपर्यंत तो एकाच प्रश्नाच्या मागे लागला. मधल्या चौदा वर्षांत काय बदलले, हा या विवेचनाचा विषय आहे.

पहिल्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता, कच्चा होता, त्याला त्या फरशांचे मोल कळले नाही, असे उत्तर चटकन सुचते. ते टिकत नाही. अलहंब्राला जाण्याआधीच, हार्लेमच्या कलाशाळेत शिकताना, त्याने ‘आठ डोकी’ हा वुडकट केला होता. एका लाकडी ठशात चार डोकी उभी आणि चार उलटी, अशी बसवलेली की ठसा शेजारीशेजारी उमटवत गेले तर मध्ये रिकामी जागाच उरू नये. म्हणजे एकच आकार पुन्हापुन्हा वापरून सगळे प्रतल भरायचे, ही कल्पना त्याच्यापाशी आधीपासून होती. ग्रानाडात त्याने फरशीचा एक नमुना वहीत उतरवूनही घेतला. पुढे १९२६ च्या सुमारास अशा पुनरावृत्तीच्या आकृत्या कापडावर छापून पाहिल्या, त्यांना कुणी विचारले नाही, आणि त्याने तो नाद सोडला. कल्पना होती, जागा पाहिली होती, हौसही होती. उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती.

ती कशाची, हे कळायला त्याची इटलीतली वर्षे पाहायला हवीत. १९३५ पर्यंत त्याचा मुक्काम इटलीत होता. १९२४ मध्ये जेट्टा उमिकरशी लग्न झाल्यावर त्याने रोममध्ये बिऱ्हाड थाटले. त्याच्या वर्षाचा एक ठरलेला क्रम असे. वसंत ऋतू आला की एखाददुसऱ्या चित्रकार मित्राला घेऊन तो निघायचा. अब्रुत्सीचे डोंगर, कालाब्रियाची कड्यावर टेकलेली गावे, अमाल्फीचा किनारा, सिसिली, कॉर्सिका. पुष्कळशी वाट पायी तुडवायची, दिवसभर रेखाटने करायची, आणि हिवाळ्यात घरी बसून त्यांतल्या निवडक रेखाटनांचे वुडकट किंवा शिळाछाप काढायचे. निसर्गचित्रकार असेच काम करतात, त्यात विशेष ते काय, असे कुणी म्हणेल. विशेष हे की तो त्या निसर्गावर सतत काहीतरी अट घालत होता. दरी पाहायची ती अशा उंचीवरून की पायाखालची आणि समोरची जमीन एकाच कागदावर यावी; गाव काढायचे ते घरांच्या ठोकळ्यांचा ढीग म्हणून.

या अटींचे सगळ्यात स्पष्ट रूप १९३४ च्या ‘निशाचर रोम’ या बारा वुडकटच्या मालेत दिसते. इथे भटकंती दूरच्या डोंगरातली नाही, आपल्याच शहरातली आहे. रात्री उशिरापर्यंत तो रोमच्या चौकांत आणि चर्चसमोर बसून काढायचा. बरोबर घडीचे स्टूल, कोटाला अडकवलेला छोटा टॉर्च आणि वही. रात्रीच्या रेखाटनावरून दिवसा लाकडी ठसा कोरायचा. प्रत्येक चित्राला रेघांचा वेगळा नियम होता. कुठे रेघा एकाच दिशेने जातात, कुठे एकमेकींना छेदतात, कुठे त्यांची जाडी कमीजास्त करून सावली आणली आहे. विषय म्हणून पाहिले तर ही रोमची देखणी रात्र आहे. प्रयोग म्हणून पाहिले तर एकच प्रश्न बारा वेळा विचारला आहे: करड्या रंगाचा थेंबही न वापरता, केवळ काळ्या-पांढऱ्याच्या वाटणीतून किती उजेड उभा करता येतो?

वुडकटचे तंत्र इथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. तैलचित्रात पार्श्वभूमी उरते. आकृती रंगवून झाली की मागची जागा कशीतरी भरता येते. लाकडी ठशात तशी सवड नसते. जे लाकूड राहील त्याला शाई लागते आणि ते काळे उमटते, जे कोरून काढाल ते पांढरे राहते. म्हणजे पांढरा भाग ही उरलेली जागा नव्हे. तोही हातानेच घडवावा लागतो. कोरणीची प्रत्येक कड एकाच वेळी काळ्याचीही सीमा असते आणि पांढऱ्याचीही. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्याच्या नजरेतून आकृती आणि पार्श्वभूमी यांतला उच्चनीच भाव हळूहळू निघून जातो. आणि अलहंब्राच्या फरशांचे मर्म हेच आहे, की तिथे पार्श्वभूमी नाही. दोन आकारांमधली रेघ दोघांच्या मालकीची असते.

१९३५ मध्ये फॅसिस्ट राजवटीला कंटाळून एशरने इटली सोडली आणि स्वित्झर्लंडमध्ये बिऱ्हाड हलवले. तिथले बर्फ त्याला मुळीच मानवले नाही. पुन्हा दक्षिणेच्या समुद्रावर जाता यावे म्हणून त्याने फियुमेच्या आद्रिया जहाज कंपनीला एक सौदा सुचवला: भाड्याच्या बदल्यात प्रवासात केलेल्या चित्रांच्या छापील प्रती. कंपनीने तो मान्य केला. १९३६ च्या वसंतात तो मालवाहू जहाजांतून भूमध्य समुद्रावर हिंडला आणि मे महिन्यात जेट्टासह ग्रानाडात पोचला. स्पेनमधले यादवी युद्ध तेव्हा अवघ्या काही आठवड्यांवर आले होते. दोघांनी तिथे आणि पुढे कोर्दोबाच्या मशिदीत बसून नक्षीच्या काटेकोर नकला उतरवल्या.

‘नकला’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. ज्याला आपण प्रेरणा म्हणतो तिच्याशी या कामाचे फारसे नाते नव्हते. ते कारकुनी काम होते. पण नक्कल करताना जे कळते ते नुसते पाहताना कळत नाही. फरशी डोळ्यांनी पाहिली की तारा दिसतो. ती पेन्सिलीने उतरवू लागलो की प्रश्न पडतात: हा आकार पुन्हा नेमका कुठे येतो, तो सरकून येतो की फिरून, आणि कोणत्या बिंदूभोवती फिरतो? आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणारीला हा फरक न सांगता कळलेला असतो. आधी ठिपके, मग रेघा. एशरला ठिपके दिसू लागले ते या दुसऱ्या खेपेत.

तरीही नियम हाती आला नव्हता. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आपली काही कामे सावत्र भाऊ बेरेंट याला दाखवली. बेरेंट लायडन विद्यापीठात भूशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने ओळखले की हे स्फटिकशास्त्राच्या जवळचे आहे, आणि एका जर्मन नियतकालिकातल्या लेखांची यादी एशरला दिली. त्यातला जॉर्ज पोल्या यांचा १९२४ चा लेख एशरच्या कामाला आला. प्रतलावरच्या पुनरावृत्तीचे सममितीनुसार फक्त १७ प्रकार होतात, हे रशियन गणिती फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्येच सिद्ध केले होते. पोल्यांनी प्रत्येक प्रकाराचे एकेक चित्र दिले होते. शाळेत गणितात कायम मार खाल्लेल्या एशरने सिद्धता बाजूला ठेवली आणि ती सतराही चित्रे वहीत उतरवली. पुन्हा नक्कलच.

दुसरा लेख हाग यांचा. त्यातली व्याख्या एशरने वहीत लिहून घेतली: प्रतलाची नियमित विभागणी म्हणजे एकरूप, बहिर्वक्र बहुभुजाकृतींची अशी जुळणी, जिच्यात प्रत्येक आकृती शेजारणीला सारख्याच रीतीने भिडते. पुढे त्याने त्यातला ‘बहिर्वक्र’ हा शब्द खोडला. त्या एका खोडीत गणितज्ञ आणि चित्रकार यांच्यातले अंतर मोजता येते. बहिर्वक्र आकृतीला कुठेही खाच नसते, आणि खाच नसलेला मासा किंवा पक्षी कसा काढणार? शेपटी आणि चोच यांच्यामध्ये आत वळणारी रेघ यावीच लागते. अलहंब्राच्या कारागिरांनी सजीवांच्या आकृत्या टाळल्या, याची एशरला खंत होती. त्याला हवे होते ते नेमके या खोडलेल्या शब्दापलीकडे होते.

त्याची रीत जवळून पाहू. एक चौरस घ्या. डाव्या कडेवर खळगा पाडला, तर तेवढाच फुगवटा उजव्या कडेवर आला पाहिजे, नाहीतर शेजारचा तुकडा बसणार नाही. हे स्थानांतरण. वरच्या कडेतली वळणे कोपऱ्याभोवती काटकोनात फिरवून बाजूच्या कडेवर आणली तर ते परिभ्रमण. आकार सरकवून आरशात उलटा केला तर सरकते परावर्तन; १९४६ च्या ‘घोडेस्वार’ या वुडकटमध्ये एका दिशेने जाणारे पांढरे आणि विरुद्ध दिशेने जाणारे गडद स्वार असेच एकमेकांत बसले आहेत. १९३९ चे त्याचे क्रमांक २५ चे चित्र सरड्यांचे आहे. त्यात तीन-तीन सरडे एका बिंदूभोवती १२० अंशांनी फिरतात, आणि शेजारी-शेजारी एक रंग येऊ नये म्हणून किमान तीन रंग लागतात. एक कड ठरवली की तिची जोडीदार कड आपोआप ठरते. त्यामुळे कल्पनाशक्तीला खेळायला अर्धीच रेघ उरते, आणि त्या अर्ध्या रेघेतून पाय, डोके, शेपूट सगळे ओळखू यायला हवे. १९४१-४२ मध्ये त्याने हे सगळे प्रकार रोमन अंक आणि अक्षरांच्या स्वतःच्या खुणांनी एका वहीत मांडले. त्याची क्रमांकित विभागणी-चित्रे अखेरीस १३७ झाली.

मग इटलीतली भटकंती वाया गेली का? इथे अत्रानी या गावाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या या गावाचा शिळाछाप एशरने १९३१ मध्ये केला होता. १९३७ च्या ‘रूपांतर १’ मध्ये तेच गाव डावीकडे उभे आहे; घरांचे ठोकळे होतात आणि ठोकळ्यांतून एक माणूस निघतो. १९३९-४० च्या जवळजवळ चार मीटर लांब ‘रूपांतर २’ मध्ये ते पुन्हा येते. पुढे हेगच्या टपाल कार्यालयासाठी केलेल्या ‘रूपांतर ३’ मध्येही आहे. त्याची रंगवलेली आवृत्ती ४८ मीटर लांब आहे आणि आता स्किपोल विमानतळावर लावलेली आहे. १९३१ मध्ये गावाला ठोकळ्यांचा ढीग म्हणून पाहिले, म्हणून सहा वर्षांनी त्याचे ठोकळे करता आले. सहलीतले साहित्य लगेच वापरात आले नाही. नियम हाती आल्यावर ते कोठारातून बाहेर काढले गेले.

एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. नुसती विभागणी म्हणजे चित्र नव्हे. वहीतली कित्येक पाने हुशार व्यायामापलीकडे जात नाहीत, आणि एशरलाही ते ठाऊक होते. ती त्याने कच्चा माल म्हणूनच ठेवली. १९३८ च्या ‘दिवस आणि रात्र’मध्ये हा माल चित्र होतो, कारण तिथे हॉलंडची सपाट शेते हळूहळू पक्षी होतात, पांढरे पक्षी रात्रीकडे उडतात आणि काळे दिवसाकडे. पक्ष्यांच्या जुळणीला तिथे भूमी मिळाली. या चित्राला इतकी मागणी आली की त्याच्या साडेसहाशेहून अधिक प्रती एशरने स्वतः काढल्या. यंत्राने नव्हे, ठशावर कागद ठेवून, मागून हाडाच्या छोट्या चमच्याने घासून.

पुढे वाहता प्रवाह उलटला. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा एशरच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले गेले आणि गणितज्ञ त्याच्याकडे येऊ लागले. गणितज्ञ कॉक्सेटर यांच्या एका आकृतीतून ‘वर्तुळ-मर्यादा’ माला निघाली, पेनरोज पितापुत्रांच्या लेखातून न संपणारा जिना निघाला. रंगांच्या अदलाबदलीचा जो हिशेब त्याने वहीत एकट्याने मांडला होता, तो स्फटिकशास्त्रात पुढे रीतसर अभ्यासाचा विषय झाला. १९६५ मध्ये डच स्फटिकशास्त्रज्ञ कॅरोलिन मॅकगिलाव्री यांनी विद्यार्थ्यांसाठी सममितीचे पुस्तक लिहिले, तेव्हा उदाहरणे म्हणून एशरचीच चित्रे घेतली. त्यातले काही प्रकार उणे पडत होते. ते भरून काढायला एशरने नवी चित्रे काढून दिली.