एकाचे सात कधी झाले?

शुक्रवार, १३ जुलै १९६२ च्या संध्याकाळी लंडनमध्ये जाहीर झाले की पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या मंत्रिमंडळातून सात मंत्री बाहेर पडले आहेत. अर्थमंत्री सेल्विन लॉइड, लॉर्ड चान्सेलर किलम्यूर, संरक्षणमंत्री हॅरॉल्ड वॉटकिन्सन, शिक्षणमंत्री डेव्हिड एकल्स, स्कॉटलंडचे मंत्री जॉन मॅक्ले, गृहनिर्माण व वेल्सचा कारभार पाहणारे चार्ल्स हिल आणि बिनखात्याचे मंत्री लॉर्ड मिल्स. एकतृतीयांश मंत्रिमंडळ गेले. हिटलरने १९३४ मध्ये स्वतःच्याच माणसांच्या केलेल्या कत्तलीचे नाव या घटनेला चिकटले आणि ती ‘लांब सुऱ्यांची रात्र’ म्हणून इतिहासात गेली. प्रत्यक्षात बहुतेक निरोप दिवसाढवळ्या दिले गेले. तेही १० डाउनिंग स्ट्रीटवर नव्हे, अ‍ॅडमिरल्टी हाउसमध्ये. कारण १० क्रमांकाच्या वास्तूची पुनर्बांधणी तेव्हा चालू होती.

लॉइड यांना हटवण्याचे कारण शोधावे लागत नाही. २५ जुलै १९६१ रोजी त्यांनी बँक दर सात टक्क्यांवर नेला आणि सरकारी नोकरांच्या पगारवाढीला खीळ घातली. १९६२ च्या अर्थसंकल्पात मिठाई आणि आइस्क्रीमवर कर बसवला. १४ मार्च १९६२ च्या ऑर्पिंग्टन पोटनिवडणुकीत १४,७६० मतांच्या आघाडीची हुजूर पक्षाची जागा लिबरल पक्षाने ७,८५५ मतांनी जिंकली. पंतप्रधानांना वेतनविषयक नवे धोरण लवकर हवे होते आणि अर्थमंत्री ते आणत नव्हते. पक्षाध्यक्ष इयन मॅक्लाउड आणि मुख्य प्रतोद मार्टिन रेडमेन या दोघांचेही मत बदलाच्या बाजूने होते. तेव्हा लॉइड जाणार हे जुलैच्या आरंभी ठरलेले होते, असे धरायला हरकत नाही.

कोडे उरलेल्या सहांचे आहे. एकाचे सात कधी झाले?

मंत्रिमंडळाची इतिवृत्ते तीस वर्षांच्या नियमानुसार खुली झाली. पण त्यांत याचे उत्तर सापडण्याची आशा ठेवू नये. मंत्री नेमणे आणि काढणे हा पंतप्रधानाने राजसत्तेच्या संमतीने वापरायचा अधिकार. तो विषय मंत्रिमंडळापुढे मतासाठी येतच नाही. म्हणजे या घटनेचा जो अधिकृत दफ्तरात सर्वांत मोठा कागद असायला हवा, तो मुळात तयारच होत नाही. मग उरतात पत्रे, दैनंदिनी, आठवणी आणि त्या आठवड्याची वृत्तपत्रे.

वृत्तपत्रांपासून सुरुवात करू. गुरुवारी, १२ जुलैला सकाळी ‘डेली मेल’मध्ये वॉल्टर टेरी यांची बातमी आली: मोठा खांदेपालट होणार. आदल्या दिवशी गृहमंत्री रॅब बटलर यांनी त्या वृत्तपत्राचे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांच्याबरोबर दुपारचे जेवण घेतले होते. चरित्रकार बातमीचा उगम याच जेवणात पाहतात. तर्क पटण्याजोगा आहे, पण पुरावा परिस्थितिजन्य आहे. बुधवारी जेवण आणि गुरुवारी बातमी एवढा क्रम पक्का. बटलर मुद्दाम बोलले की बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून निसटले, हे त्या क्रमावरून ठरत नाही. परिणाम मात्र स्पष्ट दिसतो. सावकाश करायचे काम आता घाईने उरकणे भाग पडले.

त्याच गुरुवारी लेस्टर ईशान्य मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान होते. हुजूर पक्ष तिथे तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला, आणि या पराभवाने पंतप्रधान हादरले व त्यांनी अर्थमंत्र्याला काढले, असे पुष्कळदा वाचायला मिळते. इथे घड्याळाकडे पाहायला हवे. मॅकमिलन आणि लॉइड यांची भेट गुरुवारी संध्याकाळची, आणि त्या वेळी मतदान संपलेलेही नव्हते. लेस्टरच्या निकालाने लॉइड यांचा बळी घेतला असे म्हणता येणार नाही. शुक्रवारची घाई त्या निकालाने वाढवली असेल. तेवढी शक्यता जरूर मोकळी राहते.

गुरुवारच्या भेटीबद्दल मॅकमिलन यांची स्वतःची साक्ष आहे: ती पाऊण तास चालली आणि अतिशय अवघड, भावविवश करणारी होती. लॉइड यांची बाजू त्यांच्या राजीनाम्याच्या पत्रात वाचता येते. अशा पत्रांत मंत्री सहसा आपण होऊन बाजूला होत असल्याचे लिहितो. लॉइड यांनी तसे लिहिले नाही. तुम्ही मला राजीनामा द्यायला सांगितले आहे, म्हणून मी तो देत आहे, अशा आशयाचे वाक्य त्यांनी पत्रात ठेवले आणि ते छापून आले. या सगळ्या प्रकरणात इतका नितळ पुरावा दुसरा नाही. ज्याला काढले, त्याने त्याच क्षणी आपल्या सहीनिशी तसे नोंदवून ठेवले.

बाकीच्यांच्या आठवणी इतक्या सरळ नाहीत. किलम्यूर यांनी १९६४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. पद सोडण्याची तयारी आपण आधीच दाखवली होती, पण अखेर हाती आली ती सात तासांची सूचना, ही त्यांची खंत. ही तक्रार खरी धरली, तर संध्याकाळच्या घोषणेपासून सात तास मागे मोजून त्यांची भेट दुपारच्या सुमाराची ठरते. स्वयंपाकिणीलाही याहून जास्त मुदत मिळते, असे ते म्हणाल्याची गोष्ट सांगतात. त्यावर मॅकमिलन यांनी चांगली स्वयंपाकीण मिळणे लॉर्ड चान्सेलर मिळण्यापेक्षा कठीण असते, असे उत्तर दिल्याचेही सांगतात. पण आपल्याला मोलकरणीपेक्षाही कमी मुदत मिळाली, ही जवळजवळ तीच तक्रार एकल्स यांच्याही नावावर फिरते. एकाच दिवशी दोन मंत्र्यांना एकच उपमा सुचणे अशक्य नाही. तरी एकाची गोष्ट तोंडोतोंडी दुसऱ्याला जाऊन चिकटली, हे मला अधिक संभवनीय वाटते. दोन्ही गोष्टी पुरावा म्हणून वापरू नयेत. त्या काळच्या राजकीय वर्तुळातला राग किती खोल होता, एवढेच त्यांवरून मोजावे.

नंतर दिले गेलेले कारण तरुण रक्ताचे. नव्या नेमणुकांची वये त्याला बळ देतात: अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग ४५, गृहनिर्माणमंत्री कीथ जोसेफ ४४, शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल अवघे ३८. गेलेल्यांत मिल्स ७२ वर्षांचे होते आणि मॅक्ले यांना स्वतःलाच निवृत्त व्हायचे होते. पण संरक्षण खात्यापाशी हा युक्तिवाद अडतो. वॉटकिन्सन यांचा जन्म जानेवारी १९१० चा, आणि त्यांच्या जागी आलेले पीटर थॉर्निक्रॉफ्ट जुलै १९०९ चे. म्हणजे जाणाऱ्यापेक्षा येणारा सहा महिन्यांनी मोठा. सातांची यादी वयाच्या निकषावर बनलेली नव्हती. थकलेले, स्वतःहून निघालेले आणि नकोसे झालेले, असे वेगवेगळ्या कारणांनी जाणारे लोक एका संध्याकाळी एकत्र जाहीर केले गेले.

याच थॉर्निक्रॉफ्ट यांनी जानेवारी १९५८ मध्ये सरकारी खर्चाच्या वादावरून अर्थमंत्रिपद सोडले होते, आणि तेव्हा त्यांच्याबरोबर बाहेर पडलेले नायजेल बर्च आता ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून मोकळे झाले. खर्चाला लगाम घालू पाहणारा अर्थमंत्री पंतप्रधानांनी दुसऱ्यांदा घालवला आणि एकदा घालवणेच पुरेशाहून जास्त होते, हा त्या दोन वाक्यांचा आशय. पुढच्या आठवड्यात लॉइड कॉमन्समध्ये आले तेव्हा त्यांच्या पक्षाच्या मागच्या बाकांनी जोरदार स्वागत केले. मॅकमिलन आले तेव्हा तेच बाक गप्प राहिले. ही माहिती वृत्तपत्रांतून येते. सभागृहाच्या छापील कार्यवृत्तात बोललेले शब्द सापडतात. गप्प बसलेल्या माणसांसाठी त्यात रकाना नाही.

अर्थमंत्र्याची उचलबांगडी आणि एकंदर फेररचना एकत्र करणे ही चूक झाली, असे मॅकमिलन यांनीच पुढे आपल्या आठवणींत मान्य केले. ही कबुली प्रामाणिक वाटते, पण त्यांनी तो निर्णय कोणत्या क्षणी घेतला, हे तिच्यातून कळत नाही. त्याचा माग एकल्स यांच्या प्रकरणात लागतो. एकल्स यांना आधी घालवायचे ठरलेच नव्हते. त्यांच्यापुढे व्यापार मंडळाचे अध्यक्षपद ठेवले गेले होते. त्यांची नजर अर्थखात्यावर होती. त्यांनी नकार दिला आणि ते बाहेर पडले. व्यापार मंडळावर तेव्हा फ्रेडरिक एरॉल होते आणि या उलथापालथीनंतरही तेच राहिले. एकल्स हो म्हणाले असते, तर एरॉल यांना हलवावे लागले असते. म्हणजे गाजलेला तो सातचा आकडा पंतप्रधानांच्या कोणत्याही यादीत आधीपासून नव्हता. एका मंत्र्याने देऊ केलेले खाते नाकारले, आणि आकडा सातवर गेला.