हाताळायला सोपे साप

अमेरिकेत साप पाळण्याचा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. त्यात दोन बिनविषारी जाती त्यांच्या स्वभावामुळे पुढे आल्या. आग्नेय अमेरिकेतला सडपातळ कॉर्न स्नेक शांत, पण सतत हालचाल करणारा. हातांतून फिरणारा साप आवडणाऱ्यांनी तो निवडला. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन जाडजूड आणि संथ. भ्याला की डोके मध्ये लपवून वेटोळे घालतो, चावा क्वचितच घेतो. घाना, टोगो, बेनिन येथून त्याची मोठी निर्यात झाली. 1992मध्ये बंदिवासात त्याची पांढरी-पिवळी पिल्ले जन्मली आणि रंगप्रकारांसाठी पैदास वाढली. हिरवा ट्री पायथन मात्र हाताळण्यापेक्षा पाहण्यासाठीच पाळला जातो. भारतात या छंदासाठी देशी साप पकडण्यास 1972च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे.