पिशवी घेऊन निघालेल्या बायका

१० जून १९३०. मंदीने डेट्रॉइटचे मोटार कारखाने थंडावले होते आणि कामावरून आधी कमी होत होते ते कृष्णवर्णीय कामगार. त्या दिवशी एका धर्मोपदेशकाच्या पत्नी फॅनी पेक यांच्या हाकेला ओ देऊन पन्नास कृष्णवर्णीय बायका जमल्या. ‘हाउसवाइव्ज लीग’ उभी राहिली.

भांडवल नव्हतं, पण घरखर्चाचा पैसा बायकांच्याच हातून बाजारात जात होता. फॅनीबाईंनी नेमकं हेच हेरलं. सभासद होताना शब्द द्यावा लागे: वाणसामान आपल्या माणसाच्या दुकानातून घ्यायचं, डॉक्टर-वकीलही आपलेच गाठायचे. दारोदार फिरून त्यांनी शेजारणी जोडल्या. दुकानदारांनाही मोकळं सोडलं नाही; माल चोख हवा, भाव वाजवी हवा, दुकान स्वच्छ हवं. आपुलकीत असा धाक लागतोच.

त्याच वर्षी फॅनीबाईंचे पती, धर्मोपदेशक विल्यम पेक यांनी व्यापाऱ्यांची ‘बुकर टी. वॉशिंग्टन ट्रेड असोसिएशन’ काढली. एकाच घरातून दुकानदारही बांधले गेले आणि गिऱ्हाइकंही!

चार-पाच वर्षांत लीगच्या सभासद दहा हजारांवर गेल्या.

पुढे महामार्गासाठी डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर बुलडोझर फिरला. कृष्णवर्णीयांची गजबजलेली बाजारपेठ त्याखाली गेली.