ज्युडासचे रुपये, नवरीच्या हाती

युरोप-अमेरिकेतल्या लग्नांत नवरीच्या हातातल्या गुच्छात हल्ली रुपयाहून मोठ्या, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या चमकणाऱ्या पांढुरक्या चकत्या दिसतात. उजेडाकडे धरल्या तर पलीकडचे दिसते. ही वनस्पती ल्युनारिया अ‍ॅन्युआ. इंग्रजीत तिला 'ऑनेस्टी', म्हणजे प्रामाणिकपणा, म्हणतात. (अमेरिकेत ती 'मनी प्लांट'ही आहे, आपल्या बाल्कनीतल्या वेलाशी तिचे काही नाते नाही.) नवराबायकोत आडपडदा नसावा म्हणून ही आरपार चकती लग्नात हवी, असे कारण सांगितले जाते. ते गोड आहे, पण माझ्या मते उलटे आहे. ही वस्तू गुच्छात आली ती वाळूनही देखणी राहते म्हणून. प्रामाणिकपणा तिला मागाहून चिकटवला.

गंमत अशी, की आडपडदा नको म्हणून हाती घेतलेली ही चकती स्वतः एक पडदाच आहे. ल्युनारिया मोहरीच्या कुळातली. मोहरीची शेंग तडकली की दोन्ही बाजूंची टरफले सुटतात, दाणे सांडतात आणि मधला पातळ पापुद्रा देठावर उरतो. मोहरीत तो चिंचोळा असल्याने कुणी त्याच्याकडे पाहत नाही. ल्युनारियाची शेंग मात्र या पापुद्र्याच्या दोन्ही अंगांनी चपटी होते, त्यामुळे तो तीन-चार सेंटिमीटर रुंद पसरतो. पिकलेली शेंग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकेच चोळली की मळकट टरफले आणि बिया गळतात, चांदी हाती राहते. अ‍ॅन्युआ म्हणजे वर्षायू, पण हे झाड सहसा पहिल्या वर्षी नुसती पाने धरते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. इतकी वाट पाहायला लावल्यावर वाळवण्याचे काम मात्र ते स्वतःच उरकून देते. गुलाब उलटा टांगून वाळवावा लागतो, तरी त्याचा रंग उतरतो. इथे उतरायला रंगच नाही. बागेत काही फुलत नाही अशा लांबलचक हिवाळ्यात उत्तर युरोपातल्या घरांनी या काड्या फुलदाणीत ठेवल्या, यात नवल नाही.

आता नावे पाहा. ल्युनारिया म्हणजे चंद्राची. फ्रेंचांनी या चकत्यांना पोपची नाणी म्हटले. डचांनी ज्युडासची नाणी म्हटले, म्हणजे येशूला पकडून देण्यासाठी त्याच्या शिष्याने घेतलेली चांदीची तीस नाणी. विश्वासघाताची इतकी उघड खूण कुणी लग्नासाठी मुद्दाम निवडली असेल, हे पटत नाही. यावर आक्षेप येईल, की इंग्रजांपुरते तरी प्रामाणिकपणाचे नाव जुने आहेच. आहे. जॉन जेरार्डच्या 1597च्या वनस्पतिग्रंथात, बायका हिला 'ऑनेस्टी' म्हणतात अशी नोंद आहे. पण त्याच ठिकाणी तो साटीनफूल आणि पैशाचे फूल ही नावेही देतो, आणि मुळे सॅलडमध्ये खातात असेही सांगतो. शिवाय त्या काळी बाईला 'ऑनेस्ट' म्हणताना मुख्यतः तिचे शील अभिप्रेत असे. नवराबायकोतला मोकळेपणा हा आपल्या काळाचा अर्थ आहे. म्हणजे नाव जुने असले, तरी त्यातून आज काढला जाणारा उपदेश नवा आहे. 1884 साली केट ग्रीनअवेचा फुलांच्या भाषेचा कोश निघाला, त्यात ऑनेस्टीपुढे प्रामाणिकपणाच्या जोडीने मोहिनी हाही अर्थ दिला आहे. कोशातून आपल्याला हवा तो अर्थ उचलावा, असाच तो प्रकार. त्याच साली चित्रकार व्हॅन गॉगने नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी याच काड्यांची फुलदाणी रंगवली. पुढच्या वर्षी वडील वारल्यावर त्याने पुन्हा या काड्या चित्रात घेतल्या, आणि त्यांच्यापुढे ठेवली वडिलांची चिलीम आणि तंबाखूची पिशवी. लग्नाशी नव्हे, इथे त्यांची सोबत शोकाशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आरपार दिसणारी वस्तू लग्नात वापरण्याची रीत जगात कुठेच जुनी नाही काय? आहे, पण ती दुसऱ्या झाडाची. टेटूच्या तलवारीएवढ्या शेंगेत कागदी पंखांच्या बिया असतात आणि नेपाळ-सिक्कीमकडच्या किरात समाजांत त्या विवाहविधीत वापरतात. हाच टेटू आपल्याकडेही उगवतो, पण त्याची ओळख दशमुळांतला श्योनाक म्हणून, वैद्याच्या दारची. पारदर्शक काही दिसले की माणसाला लग्नच आठवते असे असते, तर टेटूच्या बिया आपल्या मुंडावळ्यांतही दिसल्या असत्या. ल्युनारियाच्या बाबतीत धागा सरळ आहे. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात पाम्पास गवताबरोबर वाळलेल्या फुलांची फॅशन परतली, आणि फुलदाणीतल्या काड्या गुच्छात गेल्या. डच भाषेत त्यांचे नाव आजही ज्युडासपेनिंग आहे, आणि तिथल्या नवऱ्याही त्या हातात धरतात.